मोटारीच्या दिव्यांचा मोतीबिंदु

माझ्या एका स्नेह्यांची मोटार बारा वर्षांची आहे. पावसाळ्यांतील एका रात्रीं खंडाळ्याचा घाट उतरतांना त्यांना रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दिसेनाशी झाली. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाव घेतली. डोळे निर्दोष निघाले. मोतीबिंदु झाला होता तो मोटारीच्या दिव्यांना!

श्रोतेहो, या दिव्यांपुढें पूर्वीं खरी कांच असे. १९८३ सालीं अमेरिकेंत नियम शिथिल झाले आणि तिची जागा पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लॅस्टिक घेऊं लागलें. हळूहळू तें सर्वत्र रूढ झालें. तें हलकें असतें व खडा लागून सहसा फुटत नाहीं; पण त्यावर चरे लवकर पडतात आणि सूर्याच्या अतिनील किरणांनीं तें पिवळें पडतें. म्हणून कारखान्यांतच त्यावर एक कठीण, पारदर्शक लेप चढवितात. वर्षानुवर्षें उन्हांत उभ्या राहणाऱ्या गाडीचा हा लेपच प्रथम विटतो. २०१८ सालीं अमेरिकेंतील 'एएए' या मोटार-संघटनेनें असे जुने दिवे तपासले, तेव्हां ते नव्यांच्या जेमतेम एकपंचमांश प्रकाश देतांना आढळले.

यावर कित्येकजण अधिक शक्तीचा बल्ब बसवितात. हा उपाय मला घातक वाटतो. धुकट पडद्यामागचा प्रखर उजेड विखुरतो. आपला रस्ता फारसा उजळत नाहीं, मात्र समोरच्याचे डोळे दिपतात.

दुसरा घरगुती सल्ला टूथपेस्टचा. तिच्यांत बारीक घर्षक असतें. त्यामुळें दिवा उजळतो हें खोटें नाहीं. परंतु लेपाचें उरलेंसुरलें संरक्षणहि आपण त्याबरोबर घासून टाकतों. उघडें पडलेलें प्लॅस्टिक कांहीं महिन्यांतच पुन्हां पिवळें पडूं लागतें. कीटक पळविणाऱ्या फवाऱ्यानें चकाकी आणणारेहि आहेत. तो तर प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवितो.

तेव्हां काम करावयाचें तर पुरतें करावें. दिवा साबणानें धुवून भोंवतालच्या रंगावर मास्किंग टेप चिकटवावी. मग रंगाच्या दुकानांत मिळणारा १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यांत भिजवून आडवा घासावा; लेपाचे पापुद्रे सुटले असतील तर आरंभ ८०० नंबरनें करावा. पाणी सतत हवें. प्रथम पिवळट पाणी ओघळतें. तें जुना लेप निघत असल्याचें लक्षण. पाणी पांढरें येऊं लागलें कीं २००० नंबरचा पेपर उभा फिरवावा, नंतर ३००० नंबरचा. या टप्प्यावर दिवा पूर्वींहून अधिक दुधाळ दिसतो व नवशिक्याचा धीर सुटतो. घाबरूं नये. आधींच्या पेपरचे चरे पुढच्यानें पूर्ण गेले आहेत ना, एवढेंच पाहावें. त्यानंतर मऊ फडक्यानें पॉलिश केलें कीं पारदर्शकता परत येते.

खरें काम येथून पुढें. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनें दिवा पुसून कोरडा करावा. ॲसिटोन किंवा थिनर मुळींच वापरूं नये, त्यानें प्लॅस्टिकला बारीक भेगा जातात. मग दिव्यांसाठींच मिळणारा अतिनील-रोधक लेप एका दिशेनें, सलग हातानें द्यावा. ओल्या लेपावर पुन्हां हात फिरवूं नये. त्यासाठीं सांवली, धूळ नसलेली जागा आणि कोरडा दिवस निवडावा. पावसाळ्याच्या दमट हवेंत हें काम काढूं नये, दिवाळीनंतर काढावें. दोन भाग मिसळून फवारण्याच्या कित्येक लेपांत आयसोसायनेट नांवाचीं द्रव्यें असतात. तीं फुफ्फुसांना अपायकारक असल्यानें तसले लेप योग्य मुखवटा बाळगणाऱ्या कारागिराकडूनच द्यावेत.

मात्र पिवळेपणा कांचेच्या आंतल्या अंगास असेल, किंवा भेगा प्लॅस्टिकच्या गाभ्यांत शिरल्या असतील, तर वॉटर पेपरचा कांहींच उपयोग नाहीं. अख्खा दिवाच बदलावा लागतो. माझ्या स्नेह्यांचा उजवा दिवा घासून सुधारला, डावा बदलावा लागला.