देवळाचा जीर्णोद्धार आणि मनाचे दुःख
(जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



देवळाच्या जीर्णोद्धाराचे नाव निघाले की देहूची आठवण होणे साहजिक आहे. देवाचे देऊळ भंगले आहे, ते नीट करावे, असे श्री तुकाराम महाराजांच्या मनात आले. हे दिवस सुखाचे नव्हते. इ. स. 1630 ते 1632 या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. महाराजांचे घर वाण्याचे. आईवडील निवर्तले होते. दुष्काळात पैसा आटला, मान गेला, दोन पत्नींपैकी एक अन्न अन्न करीत गेली. धंद्यात खोट आली.

हे जगाला कळले ते महाराजांनीच सांगितले म्हणून. संतांनी विचारले, तेव्हा बोलू नये असे वाटत असूनही त्यांनी एका अभंगात सारे सांगितले. लाज वाटली, दुःखाने जीव त्रासला, यातले काही झाकून ठेवले नाही. आणि याच अभंगात, लाज व दुःख सांगून होताच, लगेच देवळाचा विषय येतो. मग एकादशीचे कीर्तन येते. आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, हेही ते मोकळेपणाने सांगतात.

उलट संसारात काय दिसते? पुरुषाने रडू नये, घरची गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, अशी शिकवण असते. 1972 च्या दुष्काळात खात्यापित्या घरची माणसेही खडी फोडायला गेली. काम कष्टाचे होते, पण अनेकांना कष्टापेक्षा लाज जड गेली. आजही पीक बुडाले, कर्ज थकले की कर्ता माणूस घरात बोलत नाही. कोणी चिडचिड करतो, कोणी बाटली जवळ करतो, कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतो. बायकामुलांना कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

ओल धरलेल्या भिंतीवर नुसता चुना मारला तर पहिल्या पावसात पोपडे निघतात, हे गवंडी जाणतो. आधी ओल कोठून येते ते पाहावे लागते. मनाचेही तसेच आहे. दुःख मान्य करणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. रडू आले तर रडावे, भीती वाटली तर घरच्यांना सांगावी, आणि हातातले काम चालू ठेवावे. झोप उडाली, अन्न जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे; त्यात कमीपणा नाही. ऐकणाऱ्यानेही लगेच उपदेश करू नये, जवळ बसावे.

नव्या सभामंडपात भजन-कीर्तन तर होईलच. पण दुःखी माणसाला येथे दोन शब्द मोकळेपणाने बोलता यावेत आणि ते ऐकणारा गावकरी त्याला भेटावा, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.

जय हरी!