चालत्या सर्व्हरमधील कार्डांची अदलाबदल

हैदराबाद शहराच्या नल्लकुंटा भागात सरकारी फीव्हर हॉस्पिटल आहे. हिवतापाचे परोपजीवी जंतू डासाच्या शरीरात असतात, हे 1897 साली सिकंदराबादेत सिद्ध करणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांचे नाव या संस्थेला देण्यात आले आहे. परंतु जुन्या वस्तीतील माणसे आजही तिला ‘कोरंटी दवाखाना’ म्हणूनच ओळखतात. ‘क्वारंटीन’ या शब्दाला लोकांच्या जिभेने दिलेले हे रूप आहे. साथीच्या काळात सारे शहर बंद ठेवता येत नाही. म्हणून रोग्याला इतरांपासून वेगळे करावयाचे आणि शहराचे व्यवहार चालू ठेवावयाचे, हा अशा दवाखान्यामागील विचार होय. संगणकाच्या क्षेत्रात हेच तत्त्व एका निराळ्या कामासाठी वापरले जाते. ते काम म्हणजे चालू असलेल्या युनिक्स सर्व्हरमधील बिघडलेले कार्ड, सर्व्हर बंद न करता, काढणे आणि त्या जागी दुसरे बसविणे.

सर्व्हर म्हणजे अनेकांची सेवा करणारा संगणक. घरातील संगणक बंद पडला तर एका माणसाचे काम अडते. सर्व्हर बंद पडला तर ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही अशा असंख्य माणसांचे काम एकाच क्षणी थांबते. नल्लकुंट्याचा रहिवासी शेजारच्या काचीगुडा स्थानकावर गाडीचे आरक्षण करतो, तेव्हा त्याच्या तिकिटाची नोंद दूरच्या यंत्राकडे जाते. रेल्वे आरक्षणाची ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली 1994 साली प्रथम सिकंदराबादेतच सुरू झाली. निरनिराळ्या बँकांच्या एटीएमना एकमेकांशी जोडणारे ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ हेही 2004 साली हैदराबादेतील आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापिलेल्या संस्थेने उभारले. पुढे 2009 साली ते राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे गेले. अशा सर्वच प्रणाली युनिक्सवर चालतात असे नव्हे. रेल्वेच्या आरक्षणाची यंत्रे वेगळ्या कुळातील होती. पण गरज सर्वांची एकच असते: दुरुस्तीसाठी दुकान बंद ठेवण्याची सोय येथे नसते.

सर्व्हरच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, लांबट खाचा असतात. त्यांना स्लॉट म्हणतात. या स्लॉटमध्ये जी कार्डे बसवितात, त्यांच्याद्वारे सर्व्हर बाहेरच्या जगाशी बोलतो. एक कार्ड नेटवर्कची केबल सांभाळते, तर दुसरे दूर ठेवलेल्या डिस्कांच्या कपाटापर्यंत फायबरच्या तारेने पोहोचते. पूर्वीचा नियम सोपा होता: कार्डाला हात लावण्यापूर्वी यंत्राचा विद्युत्प्रवाह तोडावा. हा नियम मोडून चालत्या यंत्रातून कार्ड उपटले, तर दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. पहिला विद्युतशास्त्रीय. कार्ड खाचेतून तिरके निघताना शेजारशेजारच्या पिना एकमेकींना टेकून शॉर्ट सर्किट होऊ शकते. शिवाय जुन्या पीसीआय पद्धतीत अनेक कार्डे एकाच सामाईक मार्गावर बोलत असल्यामुळे एकाला धक्का बसला की इतरांचे संभाषणही बिघडते. दुसरा अनर्थ डोळ्यांना न दिसणारा आहे. त्या कार्डाचा कारभार पाहणारा ड्रायव्हर हा प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत असतो आणि अर्धी माहिती स्मृतीत, अर्धी वाटेत असते. उत्तर देणारेच नाहीसे झाले, म्हणजे युनिक्सच्या गाभ्याचा, कर्नेलचा, तोल जाऊन संपूर्ण यंत्र कोसळू शकते.

यावर उपाय शोधण्याची निकड प्रथम टेलिफोनच्या जगाला जाणवली. अमेरिकेतील बेल कंपनीने 1965 साली न्यू जर्सीतील सुकासुना येथे आपले पहिले मोठे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू केले, तेव्हा चाळीस वर्षांत मिळून दोन तासांहून अधिक काळ ते बंद राहू नये, असे उद्दिष्ट ठेवले होते. युनिक्सचा जन्म त्याच कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत 1969 साली झाला. 1976 साली टँडेम या कंपनीने ‘नॉनस्टॉप’ नावाचा संगणक विक्रीस आणला. त्याचे महत्त्वाचे भाग जोडीने असत आणि एक बदलताना दुसरा काम चालवी. सर्वसामान्य सर्व्हरच्या पीसीआय कार्डांसाठी या अदलाबदलीचे सर्वमान्य नियम मात्र 1997 साली प्रसिद्ध झाले. व्यवहारात या सोयीला ‘हॉट-प्लग’ किंवा ‘हॉट-स्वॅप’ असे म्हणतात.

या नियमांचे मर्म विलगीकरणात आहे. प्रत्येक स्लॉटचा वीजपुरवठा स्वतंत्रपणे तोडता येतो आणि सामाईक मार्गाशी असलेला त्याचा संबंधही विद्युतद्वारे बंद करून सोडविता येतो. स्लॉटजवळ दोन लहान दिवे असतात. हिरवा दिवा वीज चालू असल्याचे सांगतो, तर पिवळसर दिवा लक्ष वेधण्यासाठी असतो. रस्त्यावरील हिरवा दिवा ‘पुढे जा’ म्हणतो. येथील हिरवा दिवा नेमका उलट अर्थाचा आहे. तो जळत असेपर्यंत कार्डाला हात लावावयाचा नाही, आणि तो लुकलुकत असेल तर बदल चालू आहे, थांबावयाचे. काही यंत्रांवर एक बटणही असते. ते दाबल्यावर हिरवा दिवा पाच सेकंद लुकलुकतो. तेवढ्यात पुन्हा दाबले, तर विनंती रद्द होते. मनुष्याच्या घाईला यंत्राने दिलेली ही पाच सेकंदांची सवलत आहे.

परंतु दिवे आणि खाचा यांनी अर्धेच काम होते. उरलेले अर्धे सर्व्हरचा कारभार पाहणाऱ्या प्रशासकाला करावे लागते. सोलॅरिस या युनिक्सच्या शाखेत स्लॉटला आधार आणि कार्डाला रहिवासी अशा अर्थाची नावे आहेत, आणि ती मोठी समर्पक आहेत. जागा रिकामी, तोडलेली किंवा जोडलेली असू शकते. रहिवासी कामावर नेमलेला किंवा कामावरून मोकळा केलेला असू शकतो. ‘सी-एफ-जी-ए-डी-एम’ या कमांडने प्रशासक प्रथम ही स्थिती पाहतो, मग रहिवाशाला कामातून मोकळे करतो आणि त्यानंतरच जागेची वीज तोडतो. हा क्रम उलटता येत नाही. आयबीएमच्या ए-आय-एक्समध्ये शब्द वेगळे असले तरी रीत तीच. तेथे ‘आर-एम-डेव्ह’ या कमांडने कार्ड ‘उपलब्ध’ अवस्थेतून ‘केवळ नोंद असलेले’ या अवस्थेत नेले जाते, आणि कार्डाआधी त्यावर अवलंबून असलेली उपकरणे मोकळी करावी लागतात. घर पाडण्यापूर्वी त्यातील बिऱ्हाडे हलविणे क्रमप्राप्त असते, तसेच हे.

यंत्राचा खरा शहाणपणा दिसतो तो त्याच्या नकारात. ज्या कार्डामागील डिस्कवर एखादी फाइल-व्यवस्था जोडलेली आहे, ते मोकळे करावयास सांगितले, तर युनिक्स बहुधा साफ नकार देते. एच-पी-यू-एक्स या शाखेत तर ‘ओ-एल-रॅड’ ही कमांड आधी परिणामांची छाननी करते: मूळ फाइल-व्यवस्था या कार्डावर विसंबून आहे काय, स्मृतीची पूरक जागा त्यामागे आहे काय, कोणते प्रोग्रॅम त्याचा उपयोग करीत आहेत, याचा अहवाल ती देते. अशा नकाराने अननुभवी प्रशासक चिडतो. रात्रीची वेळ असते, वरिष्ठांचे फोन येत असतात आणि काम लवकर उरकावेसे वाटते. अशा वेळी सक्ती करण्याचा एक पर्यायही काही कमांडमध्ये उपलब्ध असतो. त्या पर्यायाकडे हात जाणे हाच या साऱ्या कामातील सर्वांत धोक्याचा क्षण होय. यंत्राने ‘नाही’ म्हटले याचा अर्थ, कोणीतरी अजून त्या कार्डावर अवलंबून आहे, एवढाच असतो. तो कोण हे शोधून काढणे प्रशासकाचे कर्तव्य आहे. बळाने नकार मोडला तर कार्ड निघेल खरे, पण त्याबरोबर कोणाच्या तरी खात्यातील अर्धवट नोंदही निघून जाईल.

म्हणून अदलाबदलीची खरी तयारी ती करण्याच्या किती तरी आधी झालेली असावी लागते. डिस्कांच्या कपाटाकडे जाणारी वाट एकच असेल, तर कार्ड चालत्या यंत्रात बदलण्याची सोय असूनही नसल्यासारखीच. वाटा दोन हव्यात, त्या दोन वेगवेगळ्या कार्डांमधून जाणाऱ्या हव्यात, आणि एक बंद होताच दुसरीने भार उचलला पाहिजे. नेटवर्कच्या कार्डांनाही हाच न्याय लागू आहे. कार्ड काढण्यापूर्वी प्रशासकाने सारी वाहतूक दुसऱ्या वाटेवर वळवावी आणि ती खरोखरच तिकडून वाहत आहे हे डोळ्यांनी पाहावे. दुसरी वाट कागदावर आहे, पण तिची केबल महिन्यापूर्वीच निखळून पडली आहे, असे प्रसंग घडू शकतात. पहिले कार्ड काढल्यावर हे कळणे म्हणजे होडी पाण्याच्या मध्यावर असताना तळाचे भोक दिसणे.

यानंतर येतो तो भाग वरकरणी अगदी क्षुल्लक वाटतो. नेमके कोणते कार्ड काढावयाचे? सर्व्हरच्या मागच्या बाजूला एकासारखी एक दिसणारी कार्डे ओळीने बसलेली असतात. पडद्यावरील नाव आणि पत्र्यावरील आकडा यांत गल्लत झाली, तर बिघडलेले कार्ड जागीच राहते आणि एकटे काम करणारे सुदृढ कार्ड हातात येते. ए-आय-एक्समध्ये म्हणूनच ‘ओळख पटविण्याची’ एक स्वतंत्र पायरी आहे. कमांड दिल्यावर इच्छित स्लॉटचा पिवळा दिवा लुकलुकतो. प्रशासकाने तो जाऊन पाहावा आणि मगच पुढील संमती द्यावी. जेथे पडद्यासमोर एक माणूस आणि यंत्रामागे दुसरा असतो, तेथे स्लॉटचा आकडा एकाने उच्चारावा, दुसऱ्याने तो परत म्हणून दाखवावा, ही साधी पद्धत कोणत्याही महागड्या साधनाइतकी उपयोगी ठरते. मनगटाला स्थिर विजेपासून वाचविणारा पट्टा बांधणे हेही याच वेळचे काम.

नवे कार्ड बसले, हिरवा दिवा लागला आणि युनिक्सने कार्ड ओळखले, म्हणजे काम संपले असे नव्हे. फायबरच्या प्रत्येक कार्डाला जन्मतः एक स्वतंत्र क्रमांक मिळालेला असतो. डिस्कांचे कपाट आणि मधले स्विच त्या क्रमांकावरूनच कोणाला आत घ्यावयाचे ते ठरवितात. जुन्या कार्डाबरोबर जुना क्रमांक गेला. तेव्हा नव्याची नोंद तेथील दप्तरात झाल्याखेरीज दार उघडत नाही. कार्डाच्या अंगचा फर्मवेअर हा प्रोग्रॅमही जुळता हवा. हे सारे झाल्यावर वाहतूक पुन्हा दोन्ही वाटांनी सुरू करून, त्रुटींची नोंदवही काही काळ न्याहाळून, काय बदलले, केव्हा बदलले आणि कोणी बदलले हे लिहून ठेवल्यावरच अदलाबदल पुरी झाली असे समजावे. दुसरी वाट पूर्ववत झाली नाही तर सर्व्हर चालूच राहतो, कोणाची तक्रार येत नाही, आणि पुढच्या बिघाडाच्या वेळी मात्र आधार उरलेला नसतो.

आता काळ पालटला आहे. पुष्कळ ठिकाणी एका मोठ्या सर्व्हरऐवजी अनेक लहान लिनक्स यंत्रे एकत्र राबतात. एखादे बिघडले तर त्यावरील काम दुसरीकडे हलवून ते सबंध यंत्रच बंद करता येते. कार्डाच्या पातळीवरचे विलगीकरण तेथे यंत्राच्या पातळीवर गेले आहे, इतकाच फरक. भार आधी हलविणे, आधाराची खात्री करणे, योग्य तेच वेगळे काढणे आणि नव्याची नोंद ठेवणे या पायऱ्या तेथेही चुकत नाहीत. जी अदलाबदल बाहेरच्या कोणाच्या ध्यानातही आली नाही, ती उत्तम झाली असे या व्यवसायात मानतात. पहाटे काचीगुड्याच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या प्रवाशाला तिकीट मिळते, कोपऱ्यावरील एटीएममधून पैसे निघतात, आणि रात्री कोणत्या तरी दूरच्या खोलीत एक पिवळा दिवा लुकलुकत होता हे त्यांपैकी कोणालाही ठाऊक नसते.