'हार्ड' आणि 'हार्डली'



इंग्रजीच्या तासाला आपण क्रियाविशेषणांचे प्रकार घोकले: रीतिवाचक, कालवाचक, स्थलवाचक, परिमाणवाचक. ते सॉफ्टवेअरच्या कामात इतके उपयोगी पडतील, असे तेव्हा कुणाला वाटले होते?

गेल्या वर्षी आमच्याकडे एका होतकरू मुलीच्या मूल्यमापनात तिच्या टीम लीडने कौतुकाने लिहिले, 'शी हार्डली वर्क्स.' 'हार्ड' रीतिवाचक, म्हणजे मेहनतीने. 'हार्डली' परिमाणवाचक, म्हणजे जवळजवळ नाहीच! वाक्य वेळीच बदलून घेतले, नाहीतर तिची पगारवाढ अडली असती.

'ओन्ली'चेही तसेच. मराठीत 'च' ज्या शब्दाला चिकटतो, जोर त्याच्यावर: मीच, आजच, घरीच. इंग्रजीत जागा बघावी लागते. 'ओन्ली मॅनेजर्स कॅन डिलीट फाइल्स' म्हणजे फाइल मॅनेजरच पुसू शकतात. 'मॅनेजर्स कॅन डिलीट ओन्ली फाइल्स' म्हणजे मॅनेजर फाइलीच पुसू शकतात, बाकी काही नाही. प्रोग्राम लिहिताना ही दोन वाक्ये म्हणजे दोन वेगळे नियम.

सर, बाई, तुम्ही फळ्यावर आखलेले ते कोष्टक आजही कुणाची तरी पगारवाढ वाचवते आहे.