रेशनचा गहू आणि कळण्याची भाकरी

कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत हे खान्देशातल्या जळगाव-धुळ्याचं जेवण. कळण्यासाठी लागणारी ज्वारी नि उडीद इथल्याच शेतांत पिकतात. रेशनवर मात्र मुख्यतः गहू-तांदूळ मिळतात. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात एक रुपया किलोने ज्वारीसारख्या भरडधान्याचीही तरतूद होती. जानेवारी २०२३पासून रेशनचं धान्य मोफत झालं. प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी पाच किलो. २०२५-२६साठी हायब्रीड ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरला, पण सरकारची मोठी खरेदी गहू-तांदळाचीच. त्यामुळे गहू घरात फुकट येतो आणि ज्वारी विकत आणावी लागते. मोफत धान्याने गरिबाची चूल पेटती राहते, हे मोलाचंच. तरी खान्देशची ज्वारी खान्देशातच खरेदी होऊन रेशनवर नियमित मिळायला हवी. मग ज्वारीचा पेरा वाढेल आणि शेतकऱ्याच्या गुरांना कडबाही मिळेल.