दोराचे बाहेरचे टोक



उसाचा हंगाम आटोपून आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांची धुराडी थंडावली की, ज्यांची नावे बहुधा कारखान्याच्या हजेरीपटावरही नसतात अशा ठेकेदाराच्या मजुरांचा एक निराळाच हंगाम सुरू होतो. मळीच्या टाक्या आणि सांडपाण्याचे हौद यांत उतरून वर्षभराचा साका खरवडण्याच्या या कामाविषयी आपण, अपघाताची बातमी येईपर्यंत, काही बोलत नाही. म्हणून या वसंतात हाच विषय मी आपल्यापुढे मांडत आहे.

मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, सांडपाणी कुजले की हायड्रोजन सल्फाइड. दोन्ही हवेहून जड, त्यामुळे तळाशी साचून राहणारे. दुसऱ्याचा स्वभाव तर विशेष कपटी आहे. अल्प प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांची दुर्गंधी येते, पण हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे शंभराच्या आसपास भाग झाले की घ्राणेंद्रियच बधिर होते, आणि उतरणाऱ्याची समजूत होते की घाण ओसरली. विहिरीचा गाळ काढण्यापूर्वी पेटता कंदील आत सोडून पाहण्याची आपली जुनी रीत प्राणवायूचा तुटवडा दाखवी हे खरे. परंतु या विषाची साक्ष ती देत नाही, आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात ती ज्योतच स्फोटाला कारण होईल.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 36 ने यासंबंधी घातलेला दंडक असा : टाकी, हौद, खड्डा वा नळ यांत घातक वायूचा संभव असेल तर, तो घालवण्याचे सर्व शक्य उपाय योजल्यावाचून, आणि एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला दिल्यावाचून, अथवा उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व कमरपट्टा धारण करून त्या पट्ट्याच्या दोराचे मोकळे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती दिल्यावाचून, कोणासही आत जाऊ देऊ नये. कायद्याने या दोन वाटा पर्यायी ठेवल्या. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी हव्यात, कारण साक्यावर फावडे पडताच त्यात कोंडलेला वायू मोकळा होतो आणि सकाळचा दाखला दुपारी निरर्थक ठरतो. कचेरीत बसून, टाकीचे तोंडही न पाहता, मुकादमाने पुढे केलेल्या कागदावर उठवलेल्या सहीविषयी तर बोलायलाच नको. श्रमसंहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले; वायू तेच आहेत.

या तरतुदीतील बाहेरचा माणूस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 9 एप्रिल 2024 रोजी, ऐन गुढीपाडव्याला, नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. ते काढावयास एक जण उतरला, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा, अशी पाच माणसे गेली. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1986 मध्येच बजावले होते की, अशा बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक माणसे दुसऱ्याला वाचवावयास गेलेली असतात. बुडत्यामागे उडी घेणाऱ्याला आपण शूर म्हणतो, आणि आत भाऊ निपचित पडला असता काठावर थांबणाऱ्याला गाव काय म्हणेल हे सांगायला नको. पण दोर ओढणे, पंखा लावणे, अग्निशमन दलाला हाक घालणे ही कामे काठावरूनच होतात. आणि ती करण्यासाठी थांबलेल्या माणसाला भित्रा म्हणणे आपण सोडले पाहिजे.

वाकडीची विहीर कारखान्याच्या आवारात नव्हती, म्हणून कारखाने तपासनीसाचा अंमल तेथे पोहोचत नव्हता. मैलागटारांसाठी 2013 चा स्वतंत्र कायदा आहे. शेतकऱ्याच्या विहिरीचा आणि गोबरगॅसच्या खड्ड्याचा वाली मात्र कोणी नाही. कोल्हापूरच्या मातीत यावर एक तोड निघू शकते, असे मला वाटते. आपले बहुतेक कारखाने सहकारी, आणि त्यांचे सभासद म्हणजेच ते विहिरीवाले शेतकरी. कारखान्याने आपल्या गटकार्यालयांत एकेक वायुमापक, हवा खेळवणारा पंखा, तिपाई, कमरपट्टा व दोर ठेवावा, आणि सभासदाने गाळ काढण्याआधी कळवल्यास शिकवलेला माणूस या सरंजामासह पाठवावा. खर्च उसाच्या बिलातून कापू नये, एवढी माझी विनंती आहे. या सभेत कारखान्यांचे सभासद बसले असतील. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्याचा अर्ज त्यांना करता येईल.