पत, पतगुणांक आणि कर्ज मागणारा माणूस
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



‘पत’ हा मराठीतला जुना शब्द. त्यात माणसाची अब्रूही आली आणि बाजारातला त्याचा भरवसाही आला. गिरणी कामगारांच्या पतपेढीत सभासदाची पत कमिटीला ठाऊक असे. कर्ज मागणारा आणि कर्ज मंजूर करणारा एकाच खात्यात, पुष्कळदा एकाच पाळीत उभे असत. आज ही पत तीन आकडी संख्येत बांधली गेली आहे. 300 ते 900 यांच्या दरम्यानचा तो आकडा म्हणजे पतगुणांक, लोकांच्या तोंडचा ‘सिबिल स्कोअर’.

सिबिल ही कंपनी 2000 साली मुंबईत स्थापन झाली. 2005 साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा आला. आज असे गुणांक देणाऱ्या चार कंपन्या देशात काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची बहुतांश मालकी शिकागोच्या ट्रान्सयुनियनकडे गेली असून बाकीच्या तिघींची पाळेमुळेही परदेशी भांडवलात आहेत. नागपूरच्या शिक्षकाचे वा सुरतेच्या यंत्रमाग कामगाराचे हप्ते कोणत्या महिन्यात थकले, ह्याची वही अशा रीतीने ह्या कंपन्यांच्या हाती आली आहे. कर्ज फेडले की थकवले याची नोंद त्या वहीत असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. कर्ज नुसते मागितले तरी त्याचीही नोंद पडते आणि त्या नोंदीने गुणांक घटू शकतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

ही यंत्रणा कशी चालते ते नीट पाहिले पाहिजे. रेल्वे स्थानकात, पेट्रोल पंपावर किंवा मॉलच्या दारात एजंट क्रेडिट कार्डाचा अर्ज पुढे करतो. ‘फुकट आहे, घेऊन तर बघा’ हे त्याचे ठरलेले वाक्य. अर्जातल्या बारीक अक्षरांत अर्जदाराची संमती घेतलेली असते आणि पॅन क्रमांकही लिहून घेतलेला असतो. त्या क्रमांकावर बँक पतमाहिती कंपनीकडे विचारणा करते. बँकेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम अशी ती विचारणा अर्जदाराच्या अहवालात लिहिली जाते. धंद्याच्या भाषेत हिला ‘हार्ड इन्क्वायरी’ म्हणतात. वही उघडून पाहिली बँकेने, परंतु डाग पडतो तो अर्जदाराच्या पानावर.

एका नोंदीने फारसे बिघडत नाही. अमेरिकेत फिको हा गुणांक 1989 पासून वापरात आहे. नव्या कर्जांसंबंधीच्या साऱ्या बाबींना त्यात सुमारे 10 टक्के वजन आहे, तर हप्ते वेळेवर भरण्याला 35 टक्के. एका विचारणेने बहुतेकांचे पाचांहून कमी गुण जातात, असे ती कंपनी स्वतःच सांगते. भारतातही फेडीचा इतिहास हाच मुख्य आधार आहे. खरा प्रश्न उभा राहतो तो एकामागून एक अर्ज केल्यावर.

एखाद्या कंत्राटी कामगाराच्या घरी आजारपण येते. पहिली बँक कार्ड नाकारते, म्हणून तो दुसरीकडे जातो, मग तिसरीकडे. मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये तो एकदाच माहिती भरतो आणि ती अनेक धनकोंकडे जाते. प्रत्येक विचारणेची नोंद निराळी. नकाराची नोंद अहवालात नसते, हे खरे. पण महिन्याभरात चार विचारणा आणि एकही नवे खाते नाही, एवढे दिसले की पाचव्या बँकेचा अधिकारी काय समजायचे ते समजतो. ‘कर्जाला हपापलेला’ असा शिक्का बसतो. ज्याला गरज नाही त्याला मंजूर कर्जाची आमंत्रणे रोज येतात. गरजवंताची गरजच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

ह्यामागे शास्त्र आहे, असे वित्त संस्थांचे म्हणणे. थोड्या काळात पुष्कळ अर्ज करणाऱ्यांत कर्ज थकवणारे अधिक आढळतात, असे त्यांचे गणित सांगते. गणित समूहापुरते बरोबर असेलही. पण समूहाचा अंदाज एका माणसाच्या माथी मारताना तो अर्ज बायकोच्या शस्त्रक्रियेसाठी होता की चैनीसाठी, हे ते गणित विचारीत नाही. अमेरिकी गुणांकाने एका बाबतीत तरी सवलत दिली आहे. घर, मोटार वा शिक्षण यांसाठी कमी व्याजाच्या शोधात ठरावीक दिवसांत अनेक ठिकाणी चौकशी केली, तर ती एकच धरली जाते. नव्या आवृत्त्यांत ही मुदत 45 दिवसांची आहे. क्रेडिट कार्डाच्या अर्जांना मात्र तेथेही ही सवलत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. ही ‘सॉफ्ट’ चौकशी असते आणि धनको तिच्याकडे पाहत नाहीत. बँक आपल्या जुन्या खातेदाराची परस्पर पडताळणी करते किंवा न मागता कार्ड देऊ करण्यापूर्वी यादी तपासते, त्यानेही गुण जात नाहीत. गुण जातात ते ते आमंत्रण स्वीकारून अर्ज केल्यावर. अहवाल पाहायला घाबरणारे अनेक सुशिक्षित नोकरदार आढळतात, आणि तेच लोक स्थानकावर एजंटाला बेधडक सही देऊन मोकळे होतात!

कार्ड मंजूर झाल्यावरचा परिणाम दुहेरी आहे. नवे खाते उघडल्याने खात्यांचे सरासरी वय घटते आणि तेवढ्यापुरता गुणांक खाली येतो. दुसरीकडे एकूण मर्यादा वाढते. समजा, 50,000 रुपये मर्यादेच्या कार्डावर 45,000 खर्च झाले. बिल वेळेवर पूर्ण भरले तरी, बिल निघते त्या दिवशीची बाकी कळवली गेली असेल तर वहीत 90 टक्के वापर दिसतो, आणि तो वाईट मानला जातो. तेवढ्याच मर्यादेचे दुसरे कार्ड आले आणि खर्च तितकाच राहिला, तर वापर 45 टक्क्यांवर येतो. म्हणजे ज्या अर्जाने आज दोन-चार गुण गेले, तोच सहा महिन्यांनी गुणांक वर नेऊ शकतो. अर्थात खर्च तितकाच राहिला तर! कार्डाची थकबाकी पुढे ओढली तर महिना साडेतीन टक्के व्याज ही सामान्य गोष्ट आहे, म्हणजे साधा हिशेब केला तरी वर्षाला 42 टक्के. गिरणगावात पगाराच्या दिवशी फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या पठाणाला सावकार म्हणत, ह्याला वित्तसेवा म्हणतात.

गुणांकाची सत्ता आता कर्जापुरती उरलेली नाही. बँक भरतीत उमेदवाराचा पतइतिहास तपासला जातो. प्रतिकूल पतइतिहासाच्या कारणावरून स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली, तो निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये कायम ठेवला. पगार नाही म्हणून हप्ता थकला, आणि हप्ता थकला म्हणून पगाराची नोकरी नाही, असे हे चक्र आहे. उलट, केवळ कमी गुणांकावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये घेतली. महाराष्ट्रात पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्य सरकारने बँकांना एकापेक्षा अधिक वेळा बजावले. पुन्हा पुन्हा बजावावे लागते, यातच काय ते आले.

तथापि अर्जदाराच्या हाती काहीच नाही असे नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 2017 पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. कंपन्या चार, म्हणजे तीन-तीन महिन्यांनी एकेकीकडून मागवला तर वर्षभर पहारा राहतो. त्यात विचारणांचे पान अवश्य वाचावे. न केलेल्या अर्जाची विचारणा तेथे आढळली, तर कोणी तरी पॅन क्रमांकाचा गैरवापर केला असण्याचा तो पहिला इशारा असतो. ग्राहकाची माहिती पाहिली गेल्यास त्याला संदेशाने कळवावे, असेही 2023 मध्ये ठरले. न मागता कार्ड पाठवण्यास 2022 च्या नियमांनी बंदी आहे. असे कार्ड सुरू करून त्याचे बिल लावले, तर बँकेने ते मागे घेऊन दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावयाची असते.

चुकीची नोंद दिसल्यास तक्रार लेखी करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल 2024 पासून लागू झाला आहे. त्यानंतरही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही त्या योजनेखाली आल्या आहेत आणि तक्रारीला शुल्क पडत नाही.