उलटी धावणारी लाट

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी प्रवरा नदीतून ओझर बंधाऱ्यावर येतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. कालव्याचं दार एकदम पाडलं, तर पाणी तिथं फुगतं आणि फुगीची लाट प्रवाहाविरुद्ध वर धावते.

अशा लाटेचं गणिती प्रतिमान करताना तिची दिशा उलटवायला सूत्रात ‘अंतर वजा वेग गुणिले वेळ’ यातल्या वजाचं अधिक करायचं. सोपं वाटतं ना? पण हे खरं साचलेल्या पाण्यात. १ मीटर खोल पाण्यात लहान लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर. पाणीच सेकंदाला १ मीटर वाहत असेल, तर खाली जाणारी लाट ४.१ मीटरनं पळते, वर चढणारी जेमतेम २.१ मीटरनं. तेव्हा प्रतिमानात नुसतं चिन्ह बदलू नका, प्रवाहाचा वेगही धरा.